परत पाठवलेल्यांची खोली

बंदरावरच्या जुन्या इमारती पाडायला निघालेल्या मंडळींना एकाएकी इतिहासाचा उमाळा आला आणि तिथे देशांतराचं संग्रहालय उभं राहिलं. भिंतींना आधी रंग दिला, मग त्या जुन्या दिसेनात म्हणून माणसं लावून खरवडल्या. रिकामटेकड्यांचे धंदे, दुसरं काय!

मावशीला हवी होती फक्त एक पाटी. तरुणपणी ती नवऱ्याबरोबर इथूनच बोटीने परदेशी निघाली होती. डॉक्टरने तिच्या पापण्या उलटून पाहिल्या आणि मान हलवली. डोळ्यांचा रोग, परत जा! नवरा म्हणाला, "मी पुढे होतो, तुला बोलावून घेतो," आणि जो गेला तो गेलाच. तिला डाव्या हाताच्या खोलीत बसवलं, नाकारलेल्या इतर बायकांबरोबर. त्या खोलीत आता कॉफीचं दुकान थाटलं होतं.

उद्घाटनाआधी ती भाचीला घेऊन संचालकांकडे गेली. "दारावर एवढंच लिहा, की परत पाठवलेल्यांना इथे बसवत."

संचालक गोड हसले. असली माणसं नाही म्हणताना फार गोड होतात. "मावशी, आपला विषय देश सोडून गेलेली माणसं. तुम्ही तर गेलाच नाहीत ना!"

"खरंच की," मावशी म्हणाली. "चुकलं माझं. डोळे घरी ठेवून यायला हवं होतं."

उद्घाटनाला ती तरीही गेली. भिंतीवर नवऱ्याचा पुरुषभर उंच फोटो, खाली लिहिलेलं 'धाडसी'.

"काका किती रुबाबदार दिसतात गं," भाची म्हणाली.

"दिसणारच. मेल्याने एक पत्र टाकायचेसुद्धा कष्ट घेतले नाहीत."

पुढे पाहुण्यांची खोटी तपासणी चालली होती. पांढऱ्या कोटातली मुलगी डोळे पाहिल्यासारखं करी, तिकिटावर शिक्का मारी आणि "शुभ प्रवास!" म्हणे. लोक खिदळत पुढे सरकत.

मावशीची पाळी आली. "नीट बघ. पापणी उलट. आणि मला परत पाठव."

"अहो आजी, इथे कुणालाच परत पाठवत नाहीत!"

मावशीचे डोळे भरून आले, आणि त्याचाच तिला संताप आला. ती वळली आणि कोपरांनी रांग बाजूला सारत आत शिरायच्या दाराकडे निघाली.

पहारेकरी धावत आला. "आजी, बाहेरचा रस्ता पुढून आहे!"

"तो ज्यांना जाऊ दिलं त्यांचा. माझा इकडूनच होता. हो बाजूला."

आणि सगळ्या रांगेला तिला वाट करून द्यावी लागली.