साक्षीचा रविवार

साळूबाईचा नवरा आकाराम पलटणीतून परत आला तो चव्वेचाळीस सालच्या शिमग्याला, डाव्या हाताची दोन बोटं आसामात ठेवून. बोटांचं साळूबाईला फारसं काही वाटलं नाही. लढाईतून माणूस अख्खा येतो कुठं? पण हा माणूस बदलून आला, आणि हे दुखणं बोटांपेक्षा मोठं निघालं.

पहिल्याच सकाळी तिनं कौतुकानं गुळाचा चहा केला. त्यानं कपबशी हळूच मागं सारली. म्हणाला, "मी सोडला." तंबाखूही सोडली होती. पारावर कुणी चंची पुढं केली की हा हात जोडायचा. आता बघा, आपल्याकडं दुसऱ्याच्या चंचीला नको म्हणणं म्हणजे 'तू माझा कोण?' असं तोंडावर विचारणं. दहा वेळा हात जोडल्यावर अकराव्यांदा कुणी चंची पुढं केली नाही. पारावर बसून तो एकटाच पडायला लागला.

झालं होतं असं. आसामात डोंगर फोडून रस्ता चालला होता, तिथं आकारामची लॉरी होती. बोटं चिरडली तेव्हा त्याला ताप चढला, आणि एल्मर नावाचा एक अमेरिकन ड्रायव्हर महिनाभर रोज त्याच्या खाटेशी येऊन बसला. आपलं कुणी आलं नाही, तो आला. तो मॉर्मन होता, ख्रिस्तातलाच एक पंथ, चहा-तंबाखू वर्ज्य असलेला. ताप उतरल्यावर आकाराम आपल्या पायानं नदीवर गेला आणि एल्मरनं त्याला पाण्यात बुडवून बाहेर काढला. निरोप घेताना एक जाडं इंग्रजी पुस्तक दिलं आणि मोडक्या हिंदुस्तानीत बजावलं, "तिकडं देऊळ नाही, पाद्री नाही, कोणी नाही. मग रोजचं रोज कर. एक दिवस पण सोडू नको."

आणि ह्या गड्यानं ते अक्षरशः धरलं. रोज सकाळी आणि दिवेलागणीला जात्याजवळच्या भिंतीशी गुडघे टेकायचे, हात बांधायचे आणि 'आमच्या सर्गातल्या बापा' म्हणून सुरुवात करायची. मग गावातल्या एकेकाचं नाव घेऊन 'सांभाळ' म्हणायचं. मग पुस्तक. पलटणीत इंग्रजी अक्षरं शिकला होता, पण अर्थाच्या नावानं पूज्य. तरी रोज पाच ओळी मोठ्यानं वाचायचा. आणि शेवटी वहीत त्याच अक्षरांत आपल्या भाषेतलं चार ओळी लिहायचा: आज काय झालं, कुणासाठी काय मागितलं.

चुलतभाऊ नाथाजी शेजारीच राहायचा. तो जाता येता विचारायचा, "काय रं मोरमना, आज पिसारा फुलला का न्हाई?" आकाराम हसायचा. साळूबाई मात्र दर शनिवारी घर सारवताना बघायची, त्या भिंतीशी जमिनीत दोन खळगे पडलेले असायचे. ती शेणामातीनं भरायची, आणि पुढच्या शनिवारी ते परत तिथंच.

एकदा तिनं न राहवून विचारलं, "आवं, ह्यात खरं किती?"

तो म्हणाला, "खरं सांगू? रोज सकाळी उठलो की वाटतं, समदं खोटं आसंल. तो गोरा येडा आणि मी त्याच्याहून येडा. मग गुडघं टेकतो. उठंस्तवर खरं झालेलं आसतंय."

"आन एखाद्या दिशी टेकलं न्हाई तर?"

"तर दुसऱ्या दिशी टेकायला कशापायी जाऊ?" तो म्हणाला.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आणखी एक काम असायचं. दोन वेळचा कडक उपास. त्या दोन वेळच्या भाकरीचे जोंधळे फडक्यात बांधून तो उंब्रजला चालत जायचा आणि बाजाराच्या तोंडाशी बसणाऱ्या आंधळ्या मनुबाईच्या पदरात टाकून यायचा. आल्यावर भिंतीला पाठ देऊन उभा राहायचा आणि साळूबाईला समोर बसवायचा. एल्मर त्याला 'गवाही' म्हणायचा. आकारामनं त्याचं आपलं 'साक्ष' केलं. "मी साक्ष देतो का द्येव हाय आन तो आयकतो," असं सुरू व्हायचं. "ही माणसाफुडंच द्यावी लागती," तो म्हणायचा. "मला हितं दुसरं माणूस कोण हाय?" ती पदरात तोंड लपवून हसायची, पण ऐकायची. खोटं कशाला बोलू, तिला ते आवडायचं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, समोर बसवून तो तिच्याशी एवढं कधी बोलला नव्हता.

पण दिवस भलते वाईट होते, हे त्या खुळ्या जोडप्याच्या ध्यानातच राहत नव्हतं. सरकारविरुद्ध उठलेली पोरं डोंगरात आणि उसात लपलेली. गावं त्यांना भाकरी पुरवायची, आणि जो पोलिसांना सांगेल त्याच्या तळपायांचा हिशेब ती मंडळी काठीनं करायची. त्यांचा म्होरक्या नानासो, पूर्वीचा शाळामास्तर. गावातला धुळा त्यांच्यात गेला होता. त्याच्यासाठी साळूबाई स्वतः उसाच्या बांधावर भाकरी ठेवून यायची.

तर भाद्रपदातला तो शनिवार. साळूबाई कृष्णेवर धुणं धूत होती. शेजारच्या दगडावर रंगूबाई. रंगूबाई म्हणाली, "उद्या आमच्यात जेवायला या दोघंबी. सुनेचं डोहाळजेवण हाय."

"मी येते की. त्यांचं न्हाई जमायचं," साळूबाई म्हणाली. "उद्या त्यांस्नी उंब्रजला जायाचं हाय. साक्ष द्यायची आसती."

उचलली जीभ लावली टाळ्याला! बोलताना तिच्या डोळ्यांपुढं जात्याजवळची भिंत होती. रंगूबाईच्या डोळ्यांपुढं उंब्रजची पोलिसचौकी आली. तिनं पिळा तसाच हातात धरला. "साक्ष?" एवढंच म्हणाली आणि पुढं धुणं आपटायला लागली.

रविवारी आकाराम जोंधळे घेऊन उंब्रजला गेला आणि आला. सोमवारी पहाटे पोलिसांनी उसाला वेढा घातला आणि धुळाला धरून नेला.

सोमवारी दुपारी साळूबाई विहिरीवर गेली तर बायकांनी आपापल्या घागरी उचलून बाजूला घेतल्या. मंगळवारी ती विस्तव मागायला गेली, तर रंगूबाई चुलीकडं पाठ करून बसली होती. चूल फणफणत होती आणि बाई म्हणते, "इस्तू न्हाई." बुधवारी दार उघडलं तर उंबऱ्यावर बाभळीची एक ताजी काठी, काटे तासून गुळगुळीत केलेली. कुंपणापलीकडून नाथाजीनं इकडंतिकडं बघत सांगितलं, "वैनी, आकारामनं साक्ष दिली म्हणत्यात समदी. तुमीच म्हणला व्हता म्हणं." आणि तो बिचकून आत निघून गेला. त्या दिवशी मोराचं नाव निघालं नाही.

तेव्हा कुठं तिला उमगलं. नदीवर आपण काय बोलून बसलो, ते शब्द तिच्या कानात परत परत वाजायला लागले. तिनं घरात येऊन पहिलं काम केलं. वही उचलली आणि जोंधळ्याच्या कणगीत खोल खुपसली. त्या वहीत काय काय आहे, ते तिला ठाऊक होतं. रोज लिहून झालं की तो तिला वाचून दाखवायचा.

मग तिनं नवऱ्याला समदं सांगितलं आणि रडली. तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. "तू खोटं कुठं बोललीस?" म्हणाला.

"आवं, मिरजेला माज्या भनीकडं जाऊ. आत्ताच्या आत्ता."

"पळालो तर खरं हाय म्हणत्याल."

दिवेलागणीला त्यानं गुडघे टेकले, पुस्तक वाचलं आणि वहीला हात घातला. वही नाही. त्यानं कोनाडा बघितला, उतरंड बघितली. तिला विचारलंसुद्धा नाही. भिंतीशी जाऊन बसला. जेवला नाही. गुरुवारी सकाळी उठला तो तसाच अंथरुणावर बसला, गुडघे टेकायला हलेना. असं कधी झालं नव्हतं. त्याचं तोंड तिला बघवेना. बोटं गेली तेव्हाही माणूस एवढा मोडलेला दिसला नव्हता.

बायकांचं काळीज, दुसरं काय! तिनं कणगीत हात घातला, वहीवरचे जोंधळे झाडले आणि त्याच्या मांडीवर ठेवली. "घ्या. लिवा तुमचं." तो तिच्याकडं बघून हसला आणि उठून भिंतीशी गेला. वही त्या दिवशी कोनाड्यात परत गेली.

त्याच गुरुवारी, दिवस मावळायला, ते आले. नानासो पुढं, मागं चौघं. गाव दारं लावून बसलेलं. नानासो ओट्यावर टेकला आणि शाळेत विचारावं तशा आवाजात म्हणाला, "आकाराम, रविवारी उंब्रजला गेलतास?"

"व्हय मास्तर. मनुबाईला जोंधळं द्यायला."

एकजण आत शिरला आणि कोनाड्यातली वही घेऊन आला. नानासोला इंग्रजी अक्षरं येत होती. तो पानं उलटत मोठ्यानं वाचायला लागला. "'साळूनं आज धुळाला भाकरी दिली. ऊस वरच्या अंगाचा. देवा धुळाला सांभाळ.'" आणखी एक पान. "'नानासो मास्तर रात्री गावात आलते. देवा मास्तरला सांभाळ.'" त्यानं वही मिटली. "रोजचं लिहिलंयस की रं. तारखेनिशी."

"रोज मागतो म्हणून रोज लिवतो," आकाराम म्हणाला.

"अवो मास्तर, ते द्येवाफुडं आसतंय!" साळूबाई पुढं झाली. "ती साक्ष तसली न्हवं. चौकीतली न्हवं. मला समोर बसवून देत्यात. माज्याफुडं!"

मागच्या चौघांतला एकजण फसकन हसला. "बायकूफुडं साक्ष! चांगलं हाय."

नानासो हसला नाही. खरं सांगायचं तर त्याला हे नको होतं. आकारामचा धाकटा भाऊ त्याच्या हाताखाली शिकला होता आणि पटकीनं गेला होता. पण धुळा पोलिसांच्या ताब्यात होता आणि मागची पोरं पेटलेली होती. त्यानं खिशातून शपथेचा बेलभंडारा काढून ओट्यावर ठेवला. "गावात शब्द फिरतोय, आकारामनं साक्ष दिली. तो शब्द तू मोडायचा. हे उचल आणि म्हण, 'मी साक्ष दिली न्हाई.' एवढंच. आमी आल्या वाटंनं जातो."

"पोलिसाला एक शबूद बोललो न्हाई, हे म्हणतो. लाख डाव म्हणतो."

"ते सारेच म्हणत्यात. मी सांगितलं तेवढंच म्हण."

साळूबाईनं नवऱ्याचे पाय धरले. "म्हणा की वो! चार शबूद तर हायती. द्येव काय खुळा हाय व्हय? त्याला कळतंय!"

आकाराम तिच्याकडं बघत राहिला. त्याच्या ओठांची हालचाल झाली, आणि तिला वाटलं, आता म्हणतोय. तो म्हणाला, "साळू, आज हे म्हणलो तर उद्या सकाळी त्या भिंतीपाशी जाऊन काय करू?" मग नानासोकडं वळला. "साक्ष दिली, मास्तर. दर म्हयन्याला देतो."

त्यांनी त्याला नदीकडं नेला. साळूबाईला दारातच अडवून धरली होती. लांबून काठीचे आवाज आले, ते तिनं ऐकले. आकारामचा आवाज पहिल्या काही काठ्यांना आला, मग नाही आला.

पुरतं अंधारायच्या आत त्याला घोंगडीत घालून आणून टाकला. तळपाय बघवत नव्हते. नानासो दारातच थांबला होता. आत न बघताच बोलला, "बाई, ह्याला सांग. पुन्यांदा साक्ष दिली आसं कानावर आलं, तर पायावर भागायचं न्हाई." वही त्यानं बरोबर नेली.

साळूबाईनं हळद तापवून पायांना लावली, फडकी बांधली. दिवा लावला. दिवा लागल्याबरोबर आकाराम डोळे उघडून म्हणाला, "येळ झाली."

"आग लागू दे त्या येळंला!" ती ओरडली. "मेला आसता की आत्ता!"

"गुडघ्याला कायबी झालं न्हाई," तो म्हणाला आणि कोपरांवर सरपटायला लागला. मग काय करणार? तिनं बगलेत हात घालून त्याला भिंतीशी नेला. गुडघे आपसूक त्या खळग्यांत बसले. त्यानं हात बांधले. तोंड उघडलं. आणि काहीच येईना. तो तसाच थांबला, घामानं निथळत. "साळू," तो बारीक आवाजात म्हणाला, "आज खरं वाटंना गं."

पाय फुटलेले तिनं सोसले होते, पण हे ऐकून तिला भीती वाटली. ह्याच्यासाठी तो मार खाऊन आला, आणि हेच गेलं तर माणसाजवळ उरलं काय? ती आजवर कधी त्या भिंतीशी बसली नव्हती, तिचा देव भैरोबा. पण ती बसली. शेजारी गुडघे टेकले, त्याच्यासारखे हात बांधले आणि सुरू केलं, "आमच्या सर्गातल्या बापा." सहा महिने रोज दोनदा ऐकून तिला समदं पाठ झालं होतं. नाथाजीला सांभाळ. मनुबाईला सांभाळ. रंगूबाईला आन तिच्या सुनेला सांभाळ. धुळाला सांभाळ. आणि तिथं ती थांबली.

आकाराम वाट बघत होता. डोळे मिटलेलेच होते. "एक ऱ्हायला," तो म्हणाला.

"मी न्हाई घेनार त्या मुडद्याचं नाव."

तो गुडघ्यांवर डुलत तसाच राहिला. दिव्यातलं तेल कमी होत चाललं होतं. शेवटी तिनं घेतलं. दातओठ खाऊन, रडत, शिव्या गिळत घेतलं, पण घेतलं. "नानासो मास्तरला सांभाळ."

आकारामनं मोठा श्वास सोडला आणि त्याचे ओठ हलायला लागले. आता तो स्वतःच बोलत होता. ती गप ऐकत राहिली आणि मनात दिवस मोजत राहिली. पुढच्या महिन्याचा पहिला रविवार चोवीस दिवसांवर होता, आणि त्या दिवशी हा माणूस तिला समोर बसवणार होता.