आखडलेले हात

सकाळी नऊलाच मुखियाच्या अंगणात मुंगी शिरायला जागा उरली नव्हती. मधोमध लाल कापड गुंडाळलेला बंगीराबाबा, त्याच्या पुढ्यात गायीचं शिंग, शेजारी ढोलवाला. आणि कुंपणाला टेकवून ठेवलेला डिझेलचा डबा. त्या डब्याकडे बघायचं मी टाळत होतो. आज कुणाची तरी झोपडी जळणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

महिनाभरात गावातली अकरा गुरं मेली होती. गोचिडांनी मेली, कारण गोचीड मारायला ज्या हौदात गुरं बुडवून काढतात त्यात चार महिने औषधच नव्हतं. माझ्या पिठाच्या गिरणीवर येणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगत होतो. पण गोचिडाला शिव्या घालून कुणाचं समाधान होतं? लोकांना माणूस हवा असतो. मुखियाने भूत हुडकणाऱ्या बाबाला बोलावणं धाडलं.

"भूत पाळणारी याच गावात आहे!" बाबा गरजला. "बाई आहे! एकटी आहे! चारचौघांत हसते आणि दार लावून रडते!"

बायका चरकल्या. आमचे निम्मे पुरुष दक्षिणेला खाणींत गेलेले. दार लावून न रडणारी बाई गावात शोधून सापडली नसती. पण जिला तिला वाटलं, याला माझ्या मनातलं कसं कळलं?

परीक्षा साधी होती. ढोलाच्या तालावर शिंगात फुंकायचं आणि मग पूर्वजांना टाळी द्यायची. पोकळ ओंजळीची ती टाळी आमच्या मुलींना बोलायला शिकायच्या आधी येते. टाळी दिल्याशिवाय वडीलधाऱ्यांशी कुणी तोंड उघडत नाही.

"भुताने धरलेल्या हातांना ही टाळी येत नाही!" बाबा म्हणाला.

सात जणी झाल्या. दहा-बारा फुंका, टाळी, "शुद्ध!" आठवी उठली ती माझी रेवाई आत्या.

आत्याने मला वाढवलंय. तिचा मुलगा फराई खाणीवर गेला आणि आठ महिने त्याचा फोन नाही. तेव्हापासून तिला झोप नव्हती. अंगण झाडता झाडता छातीवर हात ठेवून मटकन बसायची. आमच्याकडे याला कुफुंगिसिसा म्हणतात, म्हणजे फार विचार करत बसणं. शब्द सगळ्यांना माहीत, पण काय विचार करतेस ग, असं तिला कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

"फुंक!"

दहा फुंका झाल्या, वीस झाल्या. ढोल थांबेना, उलट चढत गेला.

"थांबू नकोस! थांबलीस तर भूत नरडं धरेल!" बाबा ओरडला.

आत्या जिवाच्या आकांताने फुंकत राहिली. तिचा चेहरा राखेसारखा झाला. "ओठांना मुंग्या येतायत," ती पुटपुटली. मग तिची बोटं एकमेकांना चिकटली, अंगठे तळव्यात गेले, मनगटं वाकली. हात कोंबडीच्या चोचीसारखे झाले. तिने टाळी द्यायला हात जवळ आणले, पण आवाज आला नाही.

लोक किंचाळत मागे सरले. शेजारच्या माई चिपोने डबा उचलला.

"मी काही केलं नाही गं!" आत्या रडत म्हणाली. मग स्वतःच्या हातांकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "की केलं असेल? मलाच कळलं नसेल?"

आज जो तिच्या बाजूने बोलेल तो उद्या तिच्या जागी उभा राहील, हे मला कळत होतं. शेवटी कसाबसा ओरडलो, "सिस्टर!"

पलीकडच्या झाडाखाली दवाखान्याच्या सिस्टर माटोंगो तान्ह्या बाळांची वजनं घेत होत्या. त्या गर्दी फोडत आल्या आणि आत्यापुढे मातीतच बसल्या.

"आत्याबाई, माझ्याकडे बघा. नाकाने घ्या. हळू. आता गरम पेजेवर फुंकर घालतो तसं सोडा. घाई नाही."

"दूर हो बाई! तुलाही धरेल!" बाबा ओरडला.

"धरू दे की." सिस्टरनी शिंग उचललं. "ढोलवाले दादा, वाजवा. हिच्यासाठी वाजवलात तेवढाच वेळ. कमी नको."

त्या फुंकत राहिल्या. तीन-चार मिनिटांत त्यांचीही बोटं चिकटली, मनगटं वाकली. त्यांनी ते हात फिरून सगळ्यांना दाखवले. टाळी देऊन पाहिली, वाजली नाही. खोटं कशाला बोलू, मीसुद्धा दोन पावलं मागे सरलो होतो. मग त्या शांत बसून हळूहळू श्वास घेत राहिल्या. थोड्या वेळाने बोटं सुटली आणि मुखियासमोर त्यांनी खणखणीत टाळी दिली.

"मुखियाजी, निम्म्या गावाची नाळ मी याच हातांनी कापली. लावा माझ्या घराला आग."



"भराभरा श्वास सोडला की रक्तातला एक वायू कमी होतो आणि हात आखडतात," सिस्टर म्हणाल्या. "कुणाचेही. घाबरलेल्याचा श्वास आधीच पळत असतो, त्याचे लवकर आखडतात. म्हणून हा घाबरलेली बाई हेरतो. बाकीच्यांना दहा फुंका, हिला दोनशे!"

"थोतांड!" बाबा म्हणाला.

"मग तुम्हीच फुंका बाबा," मुखिया म्हणाला. "तुमच्यात शक्ती आहे. तुमचे आखडायचे नाहीत."

बाबाने शिंगाकडे पाहिलं, ढोलवाल्याकडे पाहिलं. "आज माझा उपास आहे," तो म्हणाला.

कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळं अंगण हसलं. त्या हसण्यात बाबा शिंग तिथेच टाकून सटकला.

तोवर आत्याचे हात सुटले होते. तिने मुखियाला टाळी दिली आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा मनातलं चारचौघांत बोलली. "फराईचा फोन येत नाही. मला फार भीती वाटते."

माई चिपोने डबा खाली ठेवला आणि तिच्याशेजारी जाऊन बसली. "माझ्याही छातीत धडधडतं गं," ती म्हणाली. "मी कुणाला सांगत नाही."

राहता राहिला तो डबा. तो माझ्या गिरणीतला. आदल्या संध्याकाळी मुखियाचा माणूस मागायला आला आणि मी काठोकाठ भरून दिला. कशाला हवाय, हे विचारायला मी घाबरलो. गोचिडाला औषध लागतं आणि भीतीला ऐकणारं माणूस लागतं, हे गिरणीवर आता मी सगळ्यांना सांगतो. पण आधी एवढंच सांगतो की बाबांनो, विचारत जा. बाबाला विचारा, किती फुंका? रडणाऱ्या बाईला विचारा, काय झालं? आणि कुणी डबा मागायला आला तर त्यालाही विचारा, कशाला?