दारावरची मुलं

नंदिनी भद्रावतीहून रोज एसटीनं चंद्रपूरला यायची. तिथल्या एका प्रशिक्षण केंद्रात ती सभा, परिषदा, समारंभ कसे पार पाडायचे हे शिकवायची. आधी ती नागपुरात एका इव्हेंट कंपनीत होती. कोरोनात कंपनी बुडाली आणि ती वडिलांच्या घरी परत आली. त्यामुळे केंद्रानं 'बदलत्या काळाची तयारी' हा नवा अभ्यासक्रम तिच्या हाती दिला, तेव्हा तिनं तो जीव ओतून शिकवला. आपण बेसावध राहिलो, या मुलांनी राहू नये, एवढंच तिला वाटत होतं.

मुलं बहुतेक ताडोब्याच्या कडेच्या गावांतली. पायल मोहर्लीजवळची, तिची आई मैनाबाई तलावात मासे धरायची. भूपेशचे वडील मजुरीला जायचे. पाहुण्यांचं स्वागत कसं करायचं, माइक बंद पडला तर काय करायचं, वक्ता उशिरा आला तर सभा कशी धरून ठेवायची, सगळं ही मुलं घोकत. पायल तर घरी आईलाच पाहुणी करून उभी करायची.

एप्रिलमध्ये मोहर्लीच्या एका रिसॉर्टवर डॉक्टरांची परिषद ठरली. ती भरवणाऱ्या कंपनीचा मॅनेजर अजय यानं केंद्राची मुलं मागितली. काम चांगलं झालं तर दर परिषदेला बोलवू, असंही म्हणाला.

मुलं इस्त्रीचे कपडे घालून नंदिनीबरोबर पोहोचली, तर दारात एक यंत्र उभं होतं. पाहुणा समोर आला की ते चेहरा ओळखायचं, नावाचा बिल्ला काढून द्यायचं, कुठल्या खुर्चीवर बसायचं तेही दाखवायचं.

"मग आमी काय कराचं सर?" भूपेशनं विचारलं.

"बाजूला उभं राहायचं. कॅमेऱ्यात बघा, एवढं सांगायचं," अजय म्हणाला.

पहिला दिवस मुलांनी तेवढंच सांगत काढला. पायलचा चेहरा उतरला होता. नंदिनी तिच्याजवळ जाऊन म्हणाली, "ही सुरुवात आहे गं. पाहुण्यांकडे लक्ष ठेव."

दुसऱ्या दिवशी सकाळी अवकाळी वादळ आलं. जंगलातल्या वाटेवर झाडं पडली, नेट गेलं, यंत्राचा पडदा काळा झाला. दारात भिजलेल्या डॉक्टरांची गर्दी झाली. कोणी ओरडत होतं, कोणी सामान शोधत होतं. अजय फोन कानाला लावून नुसता इकडून तिकडे फिरत होता.

पायल पुढं झाली. "या मॅडम, तुमी काल त्या खिडकीपाशी बसल्या होत्या. चला, मी दाखवते." एका म्हाताऱ्या डॉक्टरांना तिनं नावानं हाक मारली आणि हात धरून पायऱ्या चढवल्या. भूपेशनं टॉवेल आणले, चहाची किटली दारातच मांडली. गर्दी बघता बघता पांगली. सभा सुरू झाली.

समारोपाला अजयनं मुलांना मंचावर बोलावलं. सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. पायल रडत होती आणि हसतही होती. परतताना गाडीत नंदिनी मुलांना म्हणाली, "बघितलंत? शेवटी माणूस लागतोच."

पुढची परिषद दिवाळीनंतर होती. किती मुलं पाठवू, हे विचारायला नंदिनीनं अजयला फोन केला.

तो म्हणाला, "मॅडम, मुलं फार चांगली आहेत. मी त्यांचं सगळं वरती कळवलं. त्यावरूनच वरच्या लोकांना समजलं की नेट गेलं तर केवढा गोंधळ होतो. आता यंत्राला वेगळी जोडणी घेतली आहे, सॅटेलाइटची. परत तशी वेळ येणार नाही."

"म्हणजे मुलं नकोत?"

"दारावर कोणीच नको म्हणतात."

"पण त्यांनी तर..."

"मला कळतं हो मॅडम. खरं सांगू, पुढच्या वर्षी मी तरी असेन की नाही, मलाच माहीत नाही."

त्याच्यावर चिडावं असंही तो काही बोलला नव्हता. नंदिनीनं फोन ठेवला.

वर्गात तिनं कुठलीच गोष्ट लपवली नाही. मुलं ऐकत राहिली.

"आमचं काई चुकलं का मॅडम?" भूपेशनं विचारलं.

"नाही रे. काहीच चुकलं नाही."

"मंग काऊन नाई बोलवून राह्यले?"

पायल उठून उभी राहिली. "मॅडम, अजून काय शिकाचं ते सांगा ना. यंत्राचं असंन तर यंत्राचं सांगा. आमी शिकतो. तुमी फक्त सांगा."

पायलनं वही उघडली होती, पेन हातात धरलं होतं. नंदिनी फळ्याकडे वळली, खडू उचलला, आणि परत खाली ठेवला. काय लिहायचं हे तिला खरंच माहीत नव्हतं. नागपुरातही तिला ते माहीत नव्हतं.

"मला नाही माहीत पायल," ती शेवटी म्हणाली.

पायल हळूच खाली बसली. कोणी रागावलं नाही. त्याचंच नंदिनीला जास्त लागलं.

भूपेश कोळशाच्या ट्रकवर क्लीनर म्हणून लागला. डिसेंबरात एका संध्याकाळी चंद्रपूरच्या स्टँडवर नंदिनीला पायलचा फोन आला.

"मॅडम, मी त्याच रिसॉर्टवर लागली. चादरी धुवाच्या खोलीत. आज इथी मोठी मीटिंग हाये. मी साहेबाले म्हटलं, थोडा वेळ दारावर उभी राहू का? फुकटच. तर नाई म्हणले."

नंदिनी गर्दीतून बाजूला सरकली.

"मॅडम, आवाज येऊन राह्यला का?"

"येतोय गं. बोल."

"नाई, सांगाचं असं काई नाई. बोलावं वाटलं." मागून कोणीतरी तिला हाक मारली. "येते," पायल म्हणाली, आणि फोन बंद झाला.

भद्रावतीची बस लागली. लोक चढू लागले. फोन हातात धरून नंदिनी त्यांच्या मागे उभी राहिली. उद्यापासून 'बदलत्या काळाची तयारी'चा नवीन वर्ग सुरू होणार होता.