करडीचे नाल

"तोंडातले खिळे काढा आधी, बाबा. आज ठोकायचं काही नाहीये," लेक म्हणाली.

नालबंदानं खिळे काढून चामड्याच्या एप्रनच्या खिशात टाकले. सवय, दुसरं काय! घोड्याचा पाय मांडीवर घेतला की ओठांत खिळे जायचेच. घरच्यांच्या वाट्याला जन्मभर नुसतं "हं" आणि "अंहं". लेक लहानपणी सांगत सुटायची, "आमच्या बाबांच्या तोंडात दात कमी नि खिळे जास्त!"

तीच लेक आता नवं शिकून आली होती. नाल ठोकायचेच नाहीत, खूर कानशीनं नीट घासायचे, मोकळे राहिले की ते आपोआप टणक होतात. रायडिंग क्लबच्या मालकीणबाईंना ते पटलं आणि एकेका घोड्याचे नाल उतरले. आज शेवटची करडी घोडी. तिचा पहिला नाल बाबांनी ठोकला होता, तर शेवटचाही त्यांनीच काढायचा, हा लेकीचा हट्ट.

"लंगडेल ती," तो म्हणाला.

"थोडे दिवस. मग सावरेल. बाकीचे सावरलेच ना?"

सावरले होते. तेच तर दुखणं होतं.

त्यानं पकडीनं एकेक नाल सोडवला. घोडी बाहेरच्या खडीवर अडखळली तेव्हा त्याला क्षणभर बरं वाटलं, आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली. मऊ मातीवर मात्र ती मान सैल सोडून छान चालली. संपलंच म्हणायचं आपलं काम.

घोडीला थोपटत लेक म्हणाली, "बाबा, आई गेली तेव्हा मी धावत इथंच आले होते. तुम्ही मान खाली घालून ठोकत राहिलात. एक शब्द नाही बोललात. आता तरी बोला. आता तोंडात खिळेही नाहीत."

त्याचा हात खिशाकडे गेला आणि परत आला. तो वाकून काढलेले नाल गोळा करू लागला. इतक्या वर्षांच्या ठोकाठोकीनं त्याचे कान मंदावले होते; समोरून बोललेलं कळायचं, बाकी लोखंडाचा आवाज तेवढा लख्ख यायचा. तबेल्यात कोण आलं, कोण गेलं, हे तो टापांवरूनच ओळखायचा. सगळे नाल उचलून झाले, तरी त्याची मान वर होईना.

"पोरी," शेवटी तो जमिनीशीच बोलावं तसा म्हणाला, "तोंड उघडलं असतं ना त्या दिवशी, तर हंबरडाच फुटला असता गं. तुझ्यासमोर. तू एवढीशी. म्हणून धरून ठेवले खिळे ओठांत. तुझी आई गेली आणि मला... मला अजून घरी जावंसं वाटत नाही बघ."

त्यानं मान वर केली.

तबेल्यासमोरचं अंगण रिकामं होतं. उघड्या खुरांचे ठसे मातीवरून थेट फाटकाबाहेर गेले होते, शेजारी लेकीच्या चपलांचे. घोडीला घेऊन ती केव्हाच निघून गेली होती.

नाल असते, तर त्याला ऐकू आलं असतं.