तांबडे राघू

“रंगाच्या डब्यांची झाकनं पोरीच्या हाती देऊ नको, बाय,” काळूराम पेंटरनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. सुचेतानं “हो काका” म्हटलं होतं, आणि बुधवारी तीच झाकणं ओल्या रुमालानं पुसून अनुष्काच्या मांडीत ओतली होती.

त्यात काही वावगं वाटावं असं तेव्हा नव्हतंच. पोर पावणेतीन वर्षांची. बालवाडी अजून सुरू झाली नव्हती, तरी तिचं फाटक दिवसभर सताड उघडं, आणि बाहेर भाईंदर पश्चिमेच्या त्या अरुंद रस्त्यावर रिक्षा एकमेकींना खेटून जाणाऱ्या. सुचेताच्या डोक्यात धोक्यांची यादी सकाळी डोळे उघडायच्या आधीच तयार असे: रंगातलं शिसं, टर्पेंटाइनची बाटली, शिडी, कुत्रं, फाटक. झाकणं त्या यादीत कुठेच नव्हती. त्यांना धार नव्हती, ती तोंडात मावत नव्हती, आणि एकदा वाजवायला बसली की अनुष्का अर्धा तास जागची हलत नसे. म्हाताऱ्या माणसाला आपल्या वस्तू हरवायची धास्ती, एवढाच अर्थ सुचेतानं त्या सांगण्याचा लावला.

निघायच्या वेळी अनुष्कानं स्वतःहून एकेक झाकण एकेका डब्यावर ठेवलं आणि तळहातानं दाबलं. काळूराम मागच्या नळावर हात धूत होता.

“शाबास,” सुचेता म्हणाली. “आवरलं ना माझ्या शोनूनं सगळं?”

आणि तिला कडेवर घेऊन, जेवणाची वेळ टळू नये म्हणून, ती लगबगीनं दोन गल्ल्या पलीकडच्या आपल्या घरी गेली.

काळूराम बालवाडीची जी भिंत रंगवत होता, ती चाळीस फूट लांब होती. बालवाडी चालवणाऱ्या मंडळाचे सेक्रेटरी गुणवंतभाई यांना तिथे पक्ष्यांचं फ्लेक्स लावायचं होतं; एका दिवसात काम खल्लास. सुचेता अनुष्काचं नाव घालायला आली, तेव्हा हे बोलणं तिच्या कानावर पडलं. त्याच वेळी समोरच्या बंद दुकानावरची पाटी तिला दिसली. निळ्या जमिनीवर पिवळी अक्षरं, कोपऱ्यात मासा तोंडात धरलेला खंड्या, आणि खाली बारीक सही: काळू पेंटर. पाटी वीस वर्षांची तरी असेल, पण खंड्या कालच येऊन बसल्यासारखा. तिनं विचारत विचारत काळूरामचं घर गाठलं. फ्लेक्स आल्यापासून त्याच्या ब्रशला काम नव्हतं. गुणवंतभाई मोठ्या नाखुशीनं तयार झाले. शनिवारी भिंत बघायची. पसंत पडली तर मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कमधल्या दोन भिंतीही काळूरामच्या. नाही पडली, तर हिच्यावरच फ्लेक्स ठोकायचं.

काळूरामला हे काम किती हवं होतं ते तो बोलला नाही. पण पहिल्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि तो काढून, घडी करून, शिडीच्या वरच्या पायरीवर ठेवून मग कामाला लागला, हे सुचेतानं पाहिलं होतं.

ती स्वतः चार वर्षं चित्रकला शिकलेली. अनुष्का झाल्यापासून हातात ब्रश असा धरलाच नव्हता, आणि त्याआधी जे पक्षी काढले ते पाण्याच्या रंगात, भीत भीत, इतके फिके की तिची वही चाळून काळूरामनं विचारलं होतं,

“बाय, तुझी पाखरं तापातनं उठलीत काय?”

“काका, असे नाजूकच बरे दिसतात.”

“नाजूक कोन? वेडा राघू? माशी पकडतो तवा बघ त्याला. फांदीवर आपटून आपटून मारतो.”

त्याचं बालपण बापाच्या मिठागरावर गेलेलं. फोटो, पुस्तक असलं काही न बघता तो खडूनं एका दमात पक्षी उभा करी. ती शेजारी उभी राहून बघे, आणि घरी जाऊन, अनुष्का झोपली की, स्वयंपाकघराच्या ओट्यावर कागद पसरून तीच रेघ गिरवी. यतीन, तिचा नवरा, परवा म्हणाला होता, “हल्ली पोळ्या जरा बऱ्या होतायत तुझ्या. मूड चांगला दिसतोय.”

गुरुवारी सकाळी फाटकातून आत येताना ती थबकली.

भिंतीवरच्या तारेवर सात वेडे राघू बसले होते. बसणं अगदी खरं: एकाची मान वळलेली, एकानं शेपटीच्या दोन बारीक काड्या खाली सोडलेल्या, शेवटचा झेप घ्यायच्या बेतात पुढे कललेला. डोळ्यावरची काळी रेघ जिथल्या तिथे, गळ्याचा निळा जिथल्या तिथे. आणि अंगं सातही जणांची लालभडक.

काळूराम शिडीच्या दुसऱ्या पायरीवर उभा राहून शेवटच्या राघूच्या डोळ्यात पांढरा ठिपका टेकवत होता. चाहूल लागली तशी मान न वळवता म्हणाला,

“हिरवा बसला काय चांगला?”

तिला ती थट्टा वाटली. हसायला म्हणून तिनं त्याच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर थट्टा नव्हती. काम मनासारखं झालेल्या माणसाचं समाधान होतं.

ती डब्यांपाशी वाकली. सगळे डबे एका मापाचे, दूध पावडरचे, वरचे कागद सोलून काढलेले. झाकणांवर त्याच्या वळणदार हाताची पांढरी अक्षरं: ता, हि, नि, पि. जुन्या पेंटरची हौस म्हणून तिनं त्यांचे फोटोसुद्धा काढले होते. तिनं ‘हि’चं झाकण उचकटलं. आत तांबडा होता.

“अनूनं लावलं,” अनुष्का अभिमानानं म्हणाली.

सुचेता तशीच वाकून राहिली. काळा, पांढरा, निळा, पिवळा तो झाकण न वाचता उचलतो आणि लाल-हिरव्याच्या वेळी मात्र आधी झाकण वाचतो, हे ती दहा दिवस बघत आली होती. बघत होती, पण तिचं अर्धं लक्ष फाटकाकडे.

त्याला सांगायचं कसं, याचा विचार करायलाही तिला वेळ मिळाला नाही. फाटकाशी स्कूटर थांबली. गुणवंतभाई शनिवारची वाट न बघता आले होते.

“अरे काकाजी,” ते हेल्मेट काढता काढता थांबले. “ये क्या? राघू लाल?”

काळूरामचा ब्रश भिंतीपासून बोटभर अंतरावर थांबला. शिडीवर त्याची पाठ तेवढी ताठ झाली.

“सुचेताबेन, मी पहिलेच बोललो होतो ना? फ्लेक्समधी जो फोटो देणार तो येणार. राघू हिरवा तर पोरगं पण काढते.”

“अस्तर आहे ते, गुणवंतभाई,” सुचेता म्हणाली. आवाज आपलाच आहे का, याची तिला शंका आली.

“अस्तर? लाल?”

“हिरव्याच्या खाली लाल दिला ना, की हिरवा पेटतो. नुसता हिरवा भिंतीवर मेल्यासारखा दिसतो. आता यावर हिरवा चढेल.”

हे खोटं नव्हतं. दुसऱ्या वर्षाला एका सरांनी फळ्यावर खडूनं करून दाखवलं होतं. तिनं स्वतः कधी करून पाहायची हिंमत केली नव्हती, एवढंच.

गुणवंतभाईंनी काळूरामकडे पाहिलं. “सच्ची बात, काका?”

काळूराम सावकाश खाली उतरला. एकेक पायरी पायानं चाचपत. ब्रश फडक्याला पुसला, दोनदा.

“वाळाय पायजे ना, शेठ,” तो म्हणाला. “अर्धं काम बघाय कशाला येता? शनिवारी या बोललो व्हतो.”

“हां हां. चिडते काय,” म्हणत गुणवंतभाईंनी हेल्मेट पुन्हा चढवलं.

स्कूटरचा आवाज वळणापलीकडे गेला तरी सुचेता तशीच उभी होती. काळूराम भिंतीकडे बघत नव्हता. बादलीच्या कडेवर बसून तो ब्रशचे केस उगाच सरळ करत होता.

“किती?” त्यानं विचारलं.

“सातही.”

“तोंडं?”

“काळी रेघ बरोबर आहे. गळा बरोबर आहे.”

“हां. निला दिसतो मला. पिवला दिसतो. हिरवा-तांबडा तेवढा येकच वाटतो.” ब्रश फडक्यात गुंडाळत तो म्हणाला, “म्हावरं ताजं हाय का, कल्ला तांबडा हाय का काला पडलाय, ते लहानपनी आयला विचारायचो. बापानं एकदा कानाखाली दिली, बोल्ला सोंग करतो. मग न्हाय विचारलं कोनाला.”

“आणि इतकी वर्षं? एवढ्या पाट्या?”

“इंदू दुपारी डबा घेऊन यायची. उभी राहून सगलं वाचून दाखवायची, हा हिरवा, हा तांबडा. लोक बोलायचे, कालूची बायको नवऱ्याला सोडत न्हाय.” तो जरासा हसला. “सोमवारपासनं तिचा गुडघा सुजलाय. डॉक्टरनी उठू नको सांगितलंय.”

सुचेता त्याच्यासमोर उकिडवी बसली. “काका, चूक माझी आहे. तुम्ही सांगितलं होतं झाकणांचं.”

“सांगितलं व्हतं,” तो म्हणाला. “पन का ते कुठं सांगितलं?”

अनुष्का त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली होती, हातात झाकण. त्यानं ते घेतलं, बोटानं अक्षर चाचपलं आणि तिच्या डोक्यावर टोपीसारखं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी थर हाताला लागेनासा झाल्यावर त्यानं हिरव्याचा डबा सुचेताच्या पायाशी सरकवला आणि मोठा ब्रशही दिला.

“तू दे. पातल करू नको.”

“मी? शिडीवर?”

“पोरीला मी धरतो. हलत न्हाय ती, चल.”

पहिला हात मारताना तिनं सवयीनं ब्रश डब्याच्या काठाला निपटला. खालून खाकरण्याचा आवाज आला. तिनं पुन्हा बुडवला, भरभरून, आणि राघूच्या छातीवर ठेवला. रंग जाड, जड, जिथे ठेवला तिथेच बसणारा. दुसरा हात. तिसरा. पंखाच्या कडेला तिचा ब्रश घसरला आणि केसाएवढी लाल रेघ उघडी राहिली. ती झाकायला ती पुढे झुकली, आणि थांबली. ती खाली उतरून चार पावलं मागे गेली.

“काय झालं?” काळूरामनं विचारलं.

“हलतोय,” ती म्हणाली.

“कोन?”

“राघू. काका, कडेचा लाल राहिलाय ना, त्यानं पंख थरथरतोय. आता उडेल असं वाटतंय.”

काळूरामनं डोळे बारीक करून भिंतीकडे पाहिलं, बराच वेळ. त्याला काय दिसलं कुणास ठाऊक.

“मग सगल्यांचा ठेव,” तो म्हणाला.

त्या सकाळी फाटक उघडंच होतं, आणि सुचेतानं त्याच्याकडे एकदाही वळून पाहिलं नाही. हे तिच्या ध्यानात आलं ते घरी जाऊन हात टर्पेंटाइननं धुताना. नखांत हिरवा राहिला होता. तो तिनं तसाच राहू दिला.

शनिवारी गुणवंतभाई भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोनदा चालले. फोटो काढला, मोबाइलवर मोठा करून बघितला, पुन्हा भिंत बघितली. “सिल्व्हर पार्कचं कधी चालू करते?” एवढंच विचारलं.

ते काम आता चालू आहे. पहिल्या भिंतीवर बगळे झाले, दुसरीवर खंड्या यायचा आहे, आणि खंड्याची चोच तांबडी असते. इंदुबाई भिंतीला धरून घरात चालतात, पण रिक्षात चढणं अजून जमत नाही. अनुष्काची बालवाडी आता सुरू झालीय आणि नेमकी बाराला सुटते, त्यामुळे दुपारी सुचेताही तिकडे पोचू शकत नाही. सकाळी जाते, डबे लावून देते, आणि मग उरलेला दिवस तिचा जीव थाऱ्यावर नसतो.

म्हणून तुम्ही मीरा रोडचे असाल, किंवा काही कामानं दुपारी त्या बाजूला गेलात, तर सिल्व्हर पार्कात जरा वाकडी वाट करा. शिडीवर एक सडपातळ म्हातारा दिसेल, इस्त्रीचा शर्ट घडी करून वरच्या पायरीवर ठेवलेला. जेवला का, पाणी प्यायला का, विचारा. मग सहज बोलावं तसं, भिंतीवर जो रंग दिसेल त्याचं नाव मोठ्यानं घ्या. चुकीच्या जागी असला तरी घ्या. सुचेतानं पाठवलं, हे मात्र सांगू नका.