पेअरला चुना कुणी घातला

माझा नवरा यतीन गेला त्याच्या आदल्या हिवाळ्यात त्याने दारापाशी, अर्ध्या लाकडी पिंपात, पेअरचं झाड लावलं. या घरात त्याच्या हातचं जिवंत असं तेवढंच उरलंय. मुलगी आहे म्हणा, पण ऋजुता साउथहॅम्प्टनला डॉक्टर. ती रविवारी फोनमध्ये असते.

२००६च्या जूनमध्ये झाडाची कोवळी पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. लायब्ररीतल्या पुस्तकात हुबेहूब चित्र सापडलं: लोहाची कमतरता. गार्डन सेंटरमधून लोहाची पूड आणून पाण्यातून घातली. पंधरा दिवस हिरवं, मग पुन्हा पिवळं. असं दोनदा झालं. झाड वाळत चाललं होतं आणि मी डबे आणत होते.

शेवटी कुंपणावरून शेजारच्या बेरिलला विचारलं. बाई सत्तरीची, पण भाजीचा वाफा अजून स्वतः खणते. तिने माती तपासायच्या तिच्या नळीत चिमूटभर माती आणि पाणी घालून हलवलं. पाणी गडद हिरवं झालं, म्हणजे मातीत चुना फार.

"लोह आहे गं, माय लव्हर," ती म्हणाली. ब्रिस्टलमध्ये हे पोस्टमनलाही म्हणतात. "पण चुन्यामुळे मुळांना मिळत नाही. किती चुना ओतलास?"

"मी कशाला ओतू?"

दुसऱ्या दिवशी उंबऱ्यासमोरची कालची रांगोळी सुपलीत भरताना हात थांबला. इल्फर्डच्या देशी दुकानातून आणलेली, पांढऱ्या दगडाची, म्हणजे चुनखडीचीच भुकटी.

रांगोळी केरात टाकू नये, झाडाला घालावी, असं आई सांगायची. पण तिच्याकडे उरायची कुठे? दूधवाला, शेजारणी, पोरं, दुपारपर्यंत सगळी तळव्यांना लागून जायची. माझी रात्रीपर्यंत शाबूत. पोस्टमनसुद्धा ओलांडून जातो. तीन वर्षं रोजची रांगोळी झाडाच्या पोटात.

वरची माती बदलली, लोह पुन्हा घातलं. रांगोळी बंद करणं मात्र जमेना. म्हणून बेरिलला चहाला बोलावलं, तीन वर्षांत पहिल्यांदा. ती दारातच अडली.

"छे, इतकी सुंदर! मी नाही पाय देणार."

"द्या हो. तुमचा पाय हेच झाडाचं औषध आहे."

तिने डोळे मिटून पाय टाकला. हॉलच्या निळ्या गालिच्यावर किचनपर्यंत पांढरी पावलं उमटली. लक्ष्मीची नव्हेत, सहा नंबरच्या बुटांची. उरलेली मूठभर रांगोळी मी केरात टाकली आणि आईला सॉरी म्हटलं. गालिचा मात्र रविवारपर्यंत झाडला नाही.

ऑगस्टात शेंड्याला आलेली पानं हिरवीच राहिली. बेरिल आता दर मंगळवारी येते. अजून रांगोळीच्या कडेकडेनेच चालते.

"मधोमध, बेरिल!" मी आतून ओरडते.