दवण्याचा दुसरा वास

लोडशेडिंगच्या वर्षांतली गोष्ट. संध्याकाळी दिवे गेले की कोल्हापूरच्या उत्तरेश्वर पेठेतल्या आमच्या बोळातली पोरं दप्तरं घेऊन माझ्या घराच्या पुढच्या सोप्यात येऊन बसायची. मी शाळेतून निवृत्त झालो होतो, पण गुरुजी अशी हाक आली की उठून बसायची सवय गेली नव्हती. अंधारात धडे वाचून घ्यायचे तर मेणबत्त्या लागायच्याच. त्या आम्ही घरीच करू लागलो, आणि करायच्याच आहेत तर नुसत्या कशाला, म्हणून त्यांत वास घालू लागलो.

मुलांना शिकवण्यासारखं यात पुष्कळ असतं. पहिला धडा असा, की वास निवडण्याआधी घर हुंगायचं. डोळे मिटा आणि सांगा, आज घराला कसला वास येतोय? पावसाळ्यात उत्तर यायचं, "ओल्या गोधडीचा." यशराज नावाचा एक दांडगा पोरगा होता, तो शेजारच्याकडं बोट करून म्हणायचा, "ह्याच्या मोज्यांचा!" हसणं थांबलं की मी सांगायचो, ओलीवर गुलाब घातला तर गोधडीचा वास जात नाही आणि गुलाब मात्र बिघडतो. तिथं ऊद पाहिजे, नाहीतर लवंग. उन्हाळ्यात वाळा, तोही ऊन उतरल्यावर. थंडीत खिडक्या बंद असतात, उघडल्या तर लांबच्या गुऱ्हाळाचा गोडसर वास आत येतो, म्हणून चंदन अगदी बेतानं. नवरात्रात घर फुलांनी भरलेलं असतं, तेव्हा साधी मेणबत्ती पुरे. आणि चैत्रात दवणा.

दवण्याचं मात्र वेगळं होतं. दवणा जोतिबाचा. देवाला वाहायच्या फुलाचा आपण आधी वास घेत नाही, तोच नियम आमच्या घरी दवण्याच्या मेणबत्तीलाही होता. चैत्री पौर्णिमेच्या संध्याकाळी देव्हाऱ्यातल्या जोतिबाच्या टाकापुढं पहिली मेणबत्ती लागेपर्यंत कोणी हुंगायचं नाही. त्यामुळं त्या मेणबत्त्या करताना सगळ्या पोरांच्या नाकांना फडकी बांधलेली असायची. मेण वितळवणारी आमची मंडळी, तिच्याही नाकाला फडकं. दारातून कोणी डोकावलं तर विचारायचं, "काय गुरुजी, दरोडा घालाय निघालाय व्हय पोरं घिऊन?"

पोरं फडक्याआडून हसायची. पण एकानंही कधी फडकं खाली ओढलं नाही. यशराजनंसुद्धा नाही.

दवण्याचं तेल संगमेश आणून द्यायचा.

संगमेश माझा जुना विद्यार्थी. घरी किराणा मालाचा व्यापार, नातेवाईक गडहिंग्लजपासून पार बेळगावच्या पलीकडं पसरलेले. चौथीच्या वर्गात त्याचं नाक सगळ्यांत तेज. डोळे बांधून मी त्याच्यापुढं ओवा, बडीशेप, वेलदोडा धरायचो आणि तो न चुकता नावं सांगायचा. एकदा तर म्हणाला होता, "गुरुजी, ह्यो वेलदोडा जुना हाय." खरंच जुना होता. मला त्या दिवशी जेवण गेलं नव्हतं, इतका आनंद झाला होता.

पुढं त्यानं राजारामपुरीत दुकान काढलं. 'ऋतुगंध' असं नाव. सुवासिक मेणबत्त्या, उदबत्त्या, खोलीत मारायचे फवारे, कपड्यांच्या कपाटात ठेवायच्या पुड्या, सगळं ऋतूप्रमाणं वेगवेगळ्या कप्प्यांत लावलेलं. दुकान उघडायच्या आधी तो पेढे घेऊन आला आणि पाया पडला.

"गुरुजी, एक मागतो. बोर्डावर 'गुरुजींनी निवडलेले वास' असं लिवू का? पेठेतली माणसं तुमच्या शब्दावर येत्यात."

"लिही की. पण एक सांगतो. ज्या वासाला जे नाव देशील, तो त्याचाच पाहिजे. बनावट विकायला माझी ना नाही, पण ते बनावट म्हणून विकायचं."

"तुमच्यापुढं खोटं बोलंन व्हय? वर्गात माझा कान कोण धरत हुतं, इसरलो न्हाय मी."

आम्ही दोघंही हसलो.

पोरांचा तो संगमेशदादा झाला. मेण, वाती तोच द्यायचा, येताना गोळ्या आणायचा, आणि पोरांना डोळे बांधून वास ओळखायला लावायचा, अगदी माझ्यासारखं. मी आत बसून ऐकायचो. आपण शिकवलेलं दुसऱ्याच्या तोंडून पुढं चाललंय, हे ऐकण्याइतकं सुख मास्तराला कशात नसतं.

कर्नाटकात दवण्याची शेती होते आणि त्याचा अर्क काढतात. पहिल्या चैत्रात संगमेशनं त्याची बाटली दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरली. मी घेतली, तर स्वतःच म्हणाला, "हुंगू नका हं गुरुजी. देवाचं हाय." मला त्याचं फार कौतुक वाटलं.

त्या मेणबत्त्या आम्ही बोळातल्या घराघरांत वाटत असू. गुरुजींकडची म्हणून लोक देव्हाऱ्यात लावायचे आणि नंतर आणखी हव्या असल्या की ऋतुगंधमध्ये जायचे. मला त्यातलं काही नको होतं. पोरांनी खऱ्या वासाला खऱ्या नावानं ओळखावं, एवढ्यासाठी सगळा खटाटोप. मोठी होऊन ती कुठंही गेली, आणि कुठं दवणा नाकाशी आला, तर त्यांनी थांबून म्हणावं, हा दवणा. इतकंच.

तिसऱ्या वर्षीची चैत्री पौर्णिमा आली. आमच्या बोळातल्या अनुजाचे वडील दरवर्षी सासनकाठीबरोबर जोतिबाच्या डोंगरावर जायचे. संध्याकाळपर्यंत परतायचे आणि देवाला वाहिलेल्या दवण्याची जुडी आमच्या देव्हाऱ्यात आणून ठेवायचे. तिच्या शेजारी पहिली मेणबत्ती लागायची. त्या वर्षी डोंगरावर गर्दी इतकी, की माणूस काही परत येईना. पोरं अंघोळी करून, गुलालाचे टिळे लावून बसलेली. अनुजा सारखी दारात जाऊन यायची.

"अवो, पोरं किती ताटकळायची?" आमची मंडळी म्हणाली. "लावा की. जुडी उद्या येईल."

मी लावली. पोरांनी 'चांगभलं'चा गजर केला, फडकी सोडली आणि मान पुढं करून मोठ्ठा श्वास घेतला.

"आला! दवणा आला!"

मीही घेतला. दवण्याचा वास बारीक असतो. आधी गोड, मग जरा कडवट, आणि मागं उन्हात तापलेल्या पाल्यासारखं काहीतरी राहतं. माझ्या नाकात आलं ते जाड गोड, भाड्याच्या जीपमध्ये आरशाखाली डबी टांगलेली असते ना, तसलं. मला वाटलं, वय झालं, नाक गेलं. पोरं उड्या मारत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनुजा जुडी घेऊन आली. देव्हाऱ्यापुढं बसली, जुडी हुंगली. विझलेली मेणबत्ती हुंगली. पुन्हा जुडी हुंगली. तिचा चेहरा पडला.

"काय गं?"

"गुरुजी, बाबांना सांगू नका हं." ती हळू आवाजात म्हणाली. "त्यांना कुणीतरी फसवलंय. ह्यो दवणा न्हाय."

तिनं जुडी माझ्या हातात दिली. मी नाकाशी धरली. माझं नाक काही गेलं नव्हतं. तो दवणाच होता, देवाला वाहिलेला, रात्रभर तिच्या वडिलांच्या पटक्यात गुंडाळलेला.

"बाबांना नाही फसवलं बाळ," मी म्हणालो.

मेणबत्तीचा उरलेला तुकडा आणि दवण्याची एक काडी घेऊन मी राजारामपुरीत गेलो. दुकानात एक बाई उभ्या होत्या. संगमेश त्यांना वाळ्याची मेणबत्ती दाखवत होता.

"आत्ता उन्हाळ्यात हीच न्या वहिनी. पण ऊन उतरल्यावर लावायची हं, दुपारी न्हाय. आणि पावसाळ्यात ह्या खालच्या कप्प्यातली. ओलीवर गुलाब चालत न्हाय, बिघडतो."

माझी वाक्यं. शब्द न् शब्द माझे. त्यानं मान वर केली. "घ्या, आलेच आमचे गुरुजी! ज्यांनी शिकवलं तेच!"

बाईंनी मला नमस्कार केला आणि दोन मेणबत्त्या जास्तीच्या घेतल्या. त्या जाईपर्यंत मी थांबलो. मग तुकडा आणि काडी काचेवर ठेवली.

"हुंग."

संगमेशनं हुंगलं नाही. दोन्हींकडं बघितलं आणि म्हणाला, "कळलं व्हय."

"असं का केलंस?"

"गुरुजी, खऱ्या दवण्याला कोण इचारतंय? वात लावली की वास कुठं गेला कळत न्हाय. लोकास्नी दारातनं आत पाऊल टाकलं की नाकात भरला पायजे. आणि त्यो अर्क किती महाग, ठावं हाय?"

"मग बनावट म्हणून द्यायचा."

"बनावट म्हटल्यावर जोतिबापुढं कोण लावंल त्यो?"

"संगमेश, मी पोरांना सांगितलंय, हा दवणा आहे म्हणून."

"मग? पोरं खूश हायत की. पहिल्या सालचा तेवढा खरा हुता. मागल्या सालीबी ह्योच हुता. तवा तुम्हीच म्हणाला, संगमेश, झकास तेल आणलंस."

मला आठवलं. म्हणालो होतो. मागच्या वर्षी मेणबत्तीशेजारी ताजी जुडी होती. तिचा वास मी मेणबत्तीचा समजलो होतो. पोरांची डोकी मात्र मेणबत्तीवरच वाकलेली होती.

"आणि आम्ही आधी हुंगलं असतं तर?"

तेव्हा तो हसला. वाईट हसला नाही. वर्गात उत्तर येत असलं की हसायचा, तसाच हसला.

"तुम्ही? देवाच्या आधी? गुरुजी, अख्ख्या कोल्हापुरात मला तेवढी एकच खात्री हुती."

मी काडी उचलून खिशात घातली.

"बोर्ड उतरव."

"बोर्डावर तुमचं नाव कुठं हाय? नुसतं 'गुरुजी' लिवलंय. कोल्हापुरात काय तुम्ही एकटंच गुरुजी व्हय?" आणि लगेच, खरोखरच्या काळजीनं, "बसा की वाईच. उन्हातनं आलाय. च्या सांगतो."

मी चहा घेतला नाही. परतताना बस आली तरी मी चढलो नाही, चालतच आलो. वाटेत मला सारखा तो चौथीतला पोरगा दिसत होता, डोळ्यांवर रुमाल बांधलेला, हा वेलदोडा जुना आहे म्हणून सांगणारा. जुना आणि नवा वेलदोडा ज्याला कळतो, त्याला खरं आणि खोटं कळत नव्हतं असं कसं म्हणू? त्याला सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं. मीच कळवलं होतं.

रविवारी पोरं जमली. मी त्यांचे डोळे बांधले. माझ्या एका हातात दवण्याची जुडी, दुसऱ्या हातात मेणबत्ती. दवणा कुठला ते सांगा. एकेक जण पुढं येत होता आणि मेणबत्तीकडं बोट दाखवत होता. यशराज तर जुडी हुंगून म्हणाला, "ह्यो काय, गवत हाय." सगळी हसली. अनुजा हसली नाही. ती शेवटी आली, तिनं दोन्ही पुन्हापुन्हा हुंगलं आणि मग मेणबत्तीकडंच बोट केलं. "मला हाच वाटतो," ती म्हणाली. "पण तुम्ही त्या दिवशी असं बघितलं..."

मी रुमाल सोडले आणि सगळं सांगितलं. तेल खोटं होतं, या वर्षीचं आणि मागच्या वर्षीचंही. गवत म्हणालात, तो दवणा आहे.

"कुणी आणलेलं तेल?" यशराजनं विचारलं, आणि विचारतानाच त्याला उत्तर आठवलं. "संगमेशदादानं?"

"हो."

"दादा असं करणार न्हाय."

"केलंय."

मग यशराजनं खिशातून एक गोळी काढली, दादानं दिलेली असावी, तिच्याकडं बघितलं आणि पुन्हा खिशात ठेवली. मी जुडी सोडून एकेक काडी प्रत्येकाच्या तळहातावर ठेवली आणि चुरगळायला सांगितली. त्यांनी चुरगळली, नाकाशी नेली. मला चेहऱ्यांवर दिसत होतं, हा वास त्यांना आवडत नव्हता. सांगितलं म्हणून ती घेत होती. दरवर्षी खराच दिला असता तर आवडला असता का, हे आता कधीच कळायचं नव्हतं.

त्या संध्याकाळी आमच्या मंडळींनी नाकाची फडकी धुऊन, वाळवून, घड्या घालून माझ्यापुढं ठेवली.

"फुडल्या साली बांधायची का?"

तिनं ती पुन्हा फडताळात ठेवली.

आषाढात सोप्याच्या भिंतींना ओल आली. पोरांना घर हुंगायला लावलं. गोधडीचा वास, सगळ्यांनी सांगितलं. मोज्यांचं कोणी काढलं नाही. मी बाजारातून स्वतः आणलेला ऊद डब्यातून काढला आणि म्हणालो, "हा ऊद. ओलीवर हा चालतो."

पूर्वी एवढं म्हटलं की हात पुढं यायचे. आता सगळी माझ्याकडं बघत राहिली. मग अनुजा उठली, डबा माझ्या हातून घेतला, नाकाशी नेला आणि डोळे मिटून बराच वेळ तशीच उभी राहिली.

"गुरुजी," ती म्हणाली, "ह्यो खरा हाय न्हवं?"

हे त्यांनी मला याआधी कधी विचारलं नव्हतं.

"तूच सांग," मी म्हणालो, आणि ती काय सांगते याची वाट बघत बसलो.